मुलांसोबत तत्त्वज्ञान: सोसायटीच्या हॉलमध्ये प्रश्नवर्ग कसा सुरू करावा

मुंबईत मुलांच्या 'सॉफ्ट स्किल्स'साठी क्लासेसची कमी नाही. व्यक्तिमत्त्व विकास, पब्लिक स्पीकिंग, लीडरशिप, सगळं मिळतं. त्यातून मुलं खणखणीत बोलायला शिकतात, पण समोरचा काय म्हणाला ते ऐकायला शिकतातच असं नाही. बोरिवलीत आमच्या सोसायटीत मी रविवार सकाळी मुलांचा प्रश्नवर्ग घेते. तसा वर्ग तुमच्याकडे सुरू करायचा असेल तर काय लागतं, कुठे अडतं आणि काय टाळायचं, हे इथे लिहिते आहे. तत्त्वज्ञानाची पदवी लागत नाही. तोंड बंद ठेवायची सवय मात्र लागते, आणि आपल्याकडे मोठ्यांना ती कमीच असते.

१. आधी हे काय आहे ते समजून घ्या

मुलांना सॉक्रेटिस, कांट, शंकराचार्य शिकवायचे, त्यांची मतं पाठ करून घ्यायची, असा हा प्रकार नाही. मुलांनी स्वतः प्रश्न काढायचा, गोलात बसून त्यावर एकत्र विचार करायचा, आपल्या मताला कारण द्यायचं आणि दुसऱ्याचं कारण तपासायचं, एवढंच.

या पद्धतीला आकार दिला मॅथ्यू लिपमन या अमेरिकन प्राध्यापकांनी. ते कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. तर्कशुद्ध विचाराची सवय लावायला कॉलेजचं वय म्हणजे फार उशीर झाला, असं त्यांचं मत बनलं. मग त्यांनी मुलांसाठी एक कथाच लिहिली, जिच्यातली शाळकरी पात्रं आपापसात बोलताबोलता तर्काचे नियम शोधून काढतात. पुढे १९७४मध्ये न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट कॉलेजात अ‍ॅन मार्गारेट शार्प यांच्यासोबत त्यांनी या कामासाठी संस्था उभी केली. आज जगात अनेक देशांत ही पद्धत वापरली जाते. इंग्रजीत तिला 'फिलॉसॉफी फॉर चिल्ड्रन' किंवा थोडक्यात 'पी फोर सी' म्हणतात. नेटवर शोधायचं असेल तर या नावाने शोधा.

आपल्याकडेही ही गोष्ट परकी नाही. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधण्यासाठी करायचा तो वाद. जिंकण्यासाठी करायचा तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं पाडत राहायचं ती वितंडा. मी हे तीन शब्द पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. मुलांना ते फार आवडतात. 'काकू, हा जल्प करतोय' अशी तक्रार एकदा सुरू झाली की निम्मं काम मुलंच करतात.

२. पालकांना काय सांगायचं आणि काय नाही

पालकांचा पहिला प्रश्न: याने मार्क वाढतील का? खरं तेच सांगा. इंग्लंडमध्ये ४८ प्राथमिक शाळांत याची चाचणी झाली, तिचा अहवाल २०१५मध्ये आला. त्यात वाचन आणि गणितात थोडी प्रगती दिसली होती, आणि ती बातमी सगळीकडे फिरली. नंतरच्या मोठ्या चाचणीचा अहवाल २०२१मध्ये आला. तिच्यात मात्र वाचनात फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. ही दुसरी बातमी तेवढी फिरली नाही. त्यामुळे पत्रकावर मार्कांचा 'म' सुद्धा लिहू नका.

काय सांगता येतं? मूल दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायला शिकेल, 'मला पटत नाही' हे न चिडता म्हणायला शिकेल, कारण मागेल आणि देईल. घरीसुद्धा मागेल, ही सूचना आधीच देऊन ठेवा. 'मी सांगते म्हणून' हे कारण आठवडाभरात चालेनासं होतं. एका आजोबांनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं होतं, 'तुम्ही नातवाला काय शिकवता हो? कालपासून प्रत्येक गोष्टीला नेहमीच का, नेहमीच का करतोय.' मी त्याला दाद समजले.

३. परवानग्या आणि कागद

सोसायटीचा हॉल किंवा क्लबहाउस वापरायचा असेल तर सेक्रेटरींना तोंडी सांगून भागवू नका. कमिटीच्या नावे अर्ज द्या आणि त्यांचं उत्तर लेखी घ्या. आज तोंडी 'हो हो, घ्या ना' म्हणणारे लोक पुढच्या एजीएमला 'हॉल फुकट का दिला' म्हणून विचारतात. अर्जात वार, वेळ, अंदाजे किती मुलं, फी आहे की नाही, बाहेरची मुलं येणार की नाही, हे स्पष्ट लिहा. बाहेरच्या मुलांवर वॉचमनपाशी रोज वाद होतो, म्हणून त्यांच्या नावांची यादी गेटवर द्या.

लागणारे कागद:

- कमिटीचं संमतीपत्र
- प्रत्येक मुलामागे पालकांचं संमतीपत्र: नाव, वय, इयत्ता, दोन फोन नंबर, मुलाला न्यायला कोण येणार, कसली अ‍ॅलर्जी किंवा आजार असेल तर तो
- फोटो काढायला परवानगी आहे की नाही, याचा वेगळा रकाना. 'नाही' लिहिणाऱ्यांचा मान ठेवा
- हजेरीची वही

शाळेत घ्यायचं असेल तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी. महापालिकेच्या शाळेत आणखी कुणाची परवानगी लागते तेही त्यांनाच विचारा. ते बरोबर खिडकी दाखवतात आणि तुमच्या चकरा वाचतात.

एक नियम कधीही मोडू नका: खोलीत दोन मोठी माणसं हवीतच, दार उघडं हवं. मुलं मोकळी झाली की कधी कधी घरातलं किंवा ट्यूशनमधलं गंभीर काही बोलून जातात. तिथे गोलात चौकशी सुरू करायची नाही. शांतपणे ऐकायचं, 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, आणि वर्ग संपल्यावर योग्य ठिकाणी कळवायचं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते ऐच्छिक नाही. हे तुमच्या जोडीदार ताईला किंवा दादालाही आधीच माहीत असू द्या.

४. गट आणि सामान

आठ ते चौदा मुलं. त्याहून कमी असली तर चर्चा दोघातिघांत अडकते, जास्त असली तर वाट बघून मुलं पेंगतात किंवा चिमटे काढतात. दुसरी-तिसरीची मुलं वेगळी बसवा, त्यांना अर्धा तास पुरतो. चौथी ते सातवी हा सगळ्यात मजेचा गट, त्यांच्यासोबत पाऊण ते एक तास सहज जातो. आठवीनंतरची मुलं आधी कंटाळल्याचा आव आणतात. त्याकडे लक्ष देऊ नका.

सामान फार नाही: सतरंज्या, फळा किंवा चार्ट पेपर, मार्कर, कोऱ्या चिठ्ठ्या, भिंतीवरचं घड्याळ आणि एक मऊ बॉल. ज्याच्या हातात बॉल, तोच बोलणार. टेनिस बॉल आणू नका, तो पंख्याला लागतो. लोकरीचा गुंडाही चालतो. खुर्च्या असतील तर बाजूला सारा. तुम्हीही खाली, मुलांच्या रांगेतच बसा. तुम्ही खुर्चीवर बसलात की तो पुन्हा क्लास झाला.

५. सुरुवात कशाने करायची

चर्चेला एक ठिणगी लागते. गोष्ट, चित्र, वस्तू, बातमी, काहीही चालेल. अट एकच, त्यात खरोखरचा पेच हवा. ज्या गोष्टीच्या शेवटी 'तात्पर्य' लिहिलेलं असतं ती इथे बिनकामाची. तात्पर्य ठरलेलं असेल तर विचार कशाचा करणार?

मुंबईत ठिणग्या शोधायला लांब जावं लागत नाही. राणीच्या बागेत २०१६मध्ये हम्बोल्ट पेंग्विन आणले. ते मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना काचेमागे, थंड केलेल्या खोलीत ठेवून आपण बघायला जातो. त्यांची नीट काळजी घेतली जाते, म्हणजे ते सुखी आहेत का? सुख आणि सोय एकच का? किंवा नॅशनल पार्कच्या कडेच्या इमारतीत बिबट्या दिसला की सगळे म्हणतात 'बिबट्या आपल्या वस्तीत शिरला'. वस्ती कुणाची, हे कोण ठरवतं? किंवा चाळीचा पुनर्विकास: इमारत पाडली, टॉवर झाला, माणसं तीच, पत्ता तोच. ती 'आमची वाडी' उरली का?

जुन्या गोष्टीही घ्या. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला प्रश्नामागून प्रश्न विचारते. शेवटी तो म्हणतो, आता याहून जास्त विचारू नकोस, नाहीतर तुझं डोकं गळून पडेल. एवढंच सांगून थांबा. मुलं तुटून पडतात. कुणाला तो चिडलाय असं वाटतं, कुणाला त्याला उत्तर येत नव्हतं असं वाटतं. क्वचित एखादं मूल म्हणतं की काही प्रश्न असे असतील ज्यांना तळच नाही, आणि मग गोल काही क्षण गप्प होतो.

६. प्रश्न मुलांनीच काढायचा

ठिणगी टाकली की लगेच चर्चा नको. एक मिनिट शांतता, प्रत्येकाने मनात विचार करायचा. मग दोघादोघांच्या जोडीत एक प्रश्न तयार करून चिठ्ठीवर लिहायचा. सगळे प्रश्न फळ्यावर उतरवायचे, जसेच्या तसे, मुलाच्या भाषेत. 'पेंग्विन बोर होतो का?' हे 'पेंग्विनला कंटाळा येतो का?' असं सुधारून लिहू नका. आपली मुलं मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात बोलतात. इथे भाषेची शुद्धी केली की विचार तिथेच थांबतो.

सुरुवातीला बरेचसे प्रश्न माहितीचे येतात: पेंग्विन काय खातो, किती जगतो. असे प्रश्न वाईट नाहीत, पण त्यांचं उत्तर पुस्तकात किंवा मोबाइलवर मिळतं. फळ्यावर चार कप्पे करा: गोष्टीतच उत्तर असलेले, शोधून सापडणारे, कल्पनेने काहीही उत्तर देता येईल असे, आणि ज्यांच्यासाठी विचारच करावा लागेल असे. फिलिप कॅम या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञांची ही युक्ती आहे. प्रश्न कुठल्या कप्प्यात टाकायचा यावरच कधी कधी अर्धा तास भांडण होतं, आणि ते होऊ द्यावं. चौथ्या कप्प्यातल्या प्रश्नांवर मतदान घ्यायचं, डोळे मिटून, हात वर करून. डोळे उघडे असले की मित्राच्या प्रश्नाला मत पडतं.

७. चर्चा चालवणं

खरी कसोटी इथे. तुमच्या हातात उत्तरं नसावीत, फक्त काही वाक्यं असावीत. मी ही वाक्यं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत:

'म्हणजे नेमकं काय?'
'असं का वाटतं?'
'एखादं उदाहरण?'
'नेहमीच असं असतं का?'
'याच्या उलट कुणाला वाटतं?'
'समजा तसं नसतं, तर?'
'तिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग.'

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. मतभेद दाखवण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं सांगायचं, मगच 'मला पटत नाही, कारण…' म्हणायचं. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आधी मांडायचा शिरस्ता आहे, तोच हा. ऐकण्याचं कौशल्य या एका नियमाने जेवढं येतं तेवढं 'नीट ऐका रे' ओरडून कधी येत नाही.

चर्चा प्रत्यक्षात कशी वळणं घेते ते लोकलच्या प्रश्नावरून दाखवते. माझा हा आवडता प्रश्न आहे, तुम्हीही बिनधास्त वापरा. बाबा रोज ८.१२ची चर्चगेट पकडतात. कालची ८.१२ आणि आजची ८.१२ ही एकच गाडी का?

पहिलं उत्तर ठरलेलं: 'हो, एकच.' मग कुणीतरी सांगतं की डबे रोज तेच नसतात. 'मग वेगळी.' इथे मी विचारते, म्हणजे गाडी म्हणजे डबे? 'नाही, टाइम.' मग ८.१२ची गाडी ८.२०ला आली तर? 'ती लेट झालेली ८.१२च!' म्हणजे वेळही नाही. मोटरमन? तो तर बदलतो. पाटीवरचं नाव? तिकडून पाचवीतला कुणीतरी म्हणतो, आणि गाडी रद्द झाली तर? जी आलीच नाही ती गाडी रद्द कशी होते? या प्रश्नावर मोठ्यांनाही घाम फुटतो. मुलांना तो फुटू द्या, आणि तुमच्या तोंडून उत्तर निघू देऊ नका.

गोल दमला की मग मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खू यांची गोष्ट सांगते. पाली ग्रंथातला त्यांचा संवाद प्रसिद्ध आहे. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? गोष्ट आधी सांगितली तर मुलं तिचं उत्तर शोधत बसतात. नंतर सांगितली की त्यांना दोन हजार वर्षांपूर्वीचा एक राजा आपल्यासारखाच अडकलेला दिसतो. हा क्रम पाळाच.

शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा. बॉल गोलात फिरवायचा आणि प्रत्येकाने एकच वाक्य बोलायचं: आधी काय वाटत होतं, आता काय वाटतं. 'पास' म्हणायला परवानगी. मत न बदललेल्यानेही कारण नवं सापडलं का ते सांगावं. निष्कर्ष काढायचा नाही. 'मग बरोबर उत्तर काय काकू?' हा प्रश्न येणारच. मी 'पुढच्या रविवारपर्यंत तूच सांग' म्हणून चपला घालते.

८. नेहमीचे खड्डे

वक्तृत्व स्पर्धेची मुलं. ही उभी राहतात, हात हलवतात आणि 'अध्यक्ष महाशय' वगळता सगळं म्हणतात. त्यांना बसूनच बोलायला लावा आणि दर तीन वाक्यांनी बॉल पुढे द्यायचा नियम करा. हुशार असतात, लवकर शिकतात.

गप्प मूल. त्याला 'तू पण बोल ना' म्हणू नका. चिठ्ठीवर लिहू द्या, जोडीत बोलू द्या. काही मुलं बराच काळ नुसती ऐकतात, आणि घरी जाऊन सगळी चर्चा आजीला सांगतात.

आईबाबा खोलीत. ते असले की मूल त्यांच्याकडे बघून उत्तर देतं. बाहेर बाकावर बसवा. चहा पाजा हवं तर. वर्षातून एखादा वर्ग पालकांसाठीच घ्या, त्याच नियमांनी, बॉलसकट. मुलांपेक्षा तेच जास्त मध्ये बोलतात, आणि ते त्यांचं त्यांनाच कळतं.

तुमचं मान डोलावणं. आवडलेल्या मताला 'व्वा, छान!' म्हटलं की पुढची चार मुलं तेच मत देतात. सगळ्यांना सारखंच 'हं, का बरं?' म्हणा.

जात, धर्म, निवडणूक. हे विषय मुलं आणतातच, कारण घरात ऐकतात. टाळू नका, पण एखाद्या समाजाचं किंवा पक्षाचं नाव घेऊन चर्चा नको. 'एखाद्या गटाचा आहे म्हणून एखाद्याला सोबत खेळायला न घेणं बरोबर का?' असा प्रश्न मोकळा करून घ्या. कुणा मुलाचा अपमान झाला तर मात्र चर्चा तिथेच थांबवा. तिथे तटस्थ राहणं हा गुण नव्हे.

सर्टिफिकेट. मागणी येईल. देऊ नका. दिलंत की पुढची मागणी ग्रेडची येते.

९. फरक पडतोय हे कसं ओळखायचं

परीक्षा घेऊ नका, नोंद ठेवा. वर्ग संपला की लगेच वहीत चार ओळी: आज कोण पहिल्यांदा बोललं, कुणी दुसऱ्याच्या मुद्द्याला धरून पुढचं बोललं, कुणी 'मी आधी म्हणालो ते बदलतो' म्हटलं, आणि मी स्वतः किती बोलले. शेवटची नोंद सगळ्यात आधी कमी व्हायला हवी. मुलं तुमच्याकडे न बघता एकमेकांकडे बघून बोलू लागली, नावं घेऊन सहमत आणि असहमत होऊ लागली, की समजा गाडी रुळावर आहे. याला साधारण शाळेचं एक सत्र, म्हणजे काही महिने, लागतात. दोन-तीन रविवारांत काही दिसलं नाही म्हणून बंद करू नका.

१०. वर्षाचं वेळापत्रक

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, शाळा सुरू झाल्यावर, सुरुवात करा. जुलैत धो धो पावसाचा इशारा असेल त्या रविवारी सकाळी सातलाच ग्रुपवर 'आज वर्ग नाही' टाका, नाहीतर बाहेरची मुलं रिक्षात अडकतात. गणपतीत हॉल मिळत नाही, तेव्हा गच्ची किंवा बाग बघून ठेवा. दिवाळीनंतरचा, नोव्हेंबरमधला तिसरा गुरुवार जागतिक तत्त्वज्ञान दिन असतो. त्याच्या जवळच्या रविवारी मुलांनी वर्षभराचे फळ्यावरचे प्रश्न नोटीस बोर्डावर लावावेत, कमिटीच्या थकबाकीच्या यादीशेजारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, तेव्हा पंधरा दिवसांतून एकदाच भेटा.

फळ्यावर राहून गेलेले प्रश्न पुसण्याआधी वहीत उतरवा. ठिणगी सुचली नाही त्या रविवारी तेच कामी येतात.